ठाणे ते काझा आणि परत: दोन मैत्रिणी, एक सीएनजी वॅगन आर. सल्ले हवेत, ओरडा नको

तलावपाळी | रविवार, सकाळी ७:४०

नमस्कार. दहाएक वर्षं इथे गुपचूप वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. मैत्रीण नेरूळला. पाचवीपासून एका बाकावर, आता दोघीही ५२. मागच्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तिचा धाकटा पुण्याला शिकायला गेला, आणि "एकदा लांब जाऊ या गं" हे आमचं तीस वर्षांचं पालुपद अचानक खरं व्हायच्या बेतात आलं. तिच्याकडचे गौरी-गणपती उठले की निघायचं, दसऱ्याला घरी. जायचंय हिमाचलातल्या स्पितीला, काझापर्यंत. विमान नाही, ट्रेन नाही, ड्रायव्हर नाही. माझी सात वर्षं जुनी सीएनजी वॅगन आर आणि आम्ही दोघी.

बेत असा:
पहिला दिवस ठाणे ते उदयपूर (सुमारे ७४० किमी, नकाशा म्हणतो १३ तास, त्यात मी चहाचे पाऊण तास वाढवलेत). दुसऱ्या दिवशी चंदीगड. तिसऱ्या दिवशी कल्पा. चौथ्या दिवशी काझा. तिथे तीन दिवस, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल सरोवर, मनाली आणि परत. एकूण १४ दिवस.

गाडी मी २५ वर्षं चालवतेय. कसारा, खंबाटकी, आंबोली सगळं झालंय. मैत्रिणीकडे लायसन्स आहे, पण घाटात ती दरवाज्यावरचं हँडल धरून बसते.

प्रश्न: सीएनजी गाडी चालेल का? आणि बेतात काही चुकतंय का?

ऐरोलीकर | रविवार, सकाळी ८:०५

ताई, बेतात बरोबर काय आहे ते सांगणं सोपं जाईल. ठाण्यातून निघताय, हे बरोबर आहे.

सह्यकडा | रविवार, सकाळी ८:३१

ओरडा नको म्हणालात म्हणून हळू आवाजात लिहितो. उदयपूर ते चंदीगड एका दिवसात म्हणजे साडेआठशे किमीच्या पुढे. तेही आदल्या दिवशी ७४० केल्यावर, आणि चालवणारी एकच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर डोळे उघडे असतात पण बघत नसतात. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, तपशील विचारू नका.

माझ्या मते: ठाणे–वडोदरा (४०० च्या आसपास), वडोदरा–उदयपूर, उदयपूर–जयपूर, जयपूर–चंदीगड. चार दिवस. जयपूरहून कोटपुतली, नारनौल करून १५२डी हा महामार्ग पकडा. नारनौल ते इस्माइलाबाद २२७ किमी, गाव मध्ये येत नाही, तिथून अंबाला हाकेच्या अंतरावर. पण रस्ता इतका सरळ आहे की झोप येते. दर दीड तासाने उतरून चाला.

अंधार पडल्यावर चालवायचं नाही हे आत्ताच ठरवा. राजस्थानात हायवेच्या मधल्या पट्ट्यावर गुरं रवंथ करत बसलेली असतात आणि काळ्या म्हशीला मागचा दिवा नसतो.

बोलघेवडा | रविवार, सकाळी ९:१२

गौरी-गणपती उठल्यावर म्हणजे अर्धा प्रवास पितृपक्षात. घरचे काही बोलले नाहीत?

तलावपाळी | रविवार, सकाळी ९:२०

सासूबाई बोलल्या. मी म्हटलं, पितृपक्षात शुभकार्य करू नये, हे कुठे शुभकार्य आहे, ही उनाडकी आहे. त्या हसल्या आणि विषय संपला. शिवाय हॉटेलं रिकामी मिळतील, हा आपला माझा अंदाज.

गाडीवान | रविवार, सकाळी ११:४८

सीएनजीबद्दल. चंदीगडपर्यंत सीएनजी मिळत जाईल, गुजरातमध्ये तर पावलोपावली पंप. पुढे डोंगरात शिरलात की मात्र भरवसा नाही, सगळं पेट्रोलवर धरून चाला. तुमच्या गाडीची पेट्रोल टाकी माझ्या माहितीप्रमाणे २८ लिटरची. घाटात, भरल्या गाडीला लिटरला १५ धरा. कल्प्याजवळच्या रेकाँग पेओच्या खाली पोवारीला टाकी फुल्ल करायची, पुढचा पंप थेट काझाला असं समजून चालायचं. मधलं अंतर साधारण २०० किमी, म्हणजे निभतं. काझाला पंप चालू असला की लगेच भरून घ्यायचं, "उद्या बघू" नाही.

आता दोन गोष्टी ज्या सीएनजीवाले विसरतात. एक, सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. दर तीन वर्षांनी करावी लागते, सर्टिफिकेट नसेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत. तुमची गाडी सात वर्षांची म्हणजे दोनदा झालेली असली पाहिजे. झालीय? दुसरं, तुम्ही पेट्रोलवर गाडी शेवटची कधी चालवली? ठाण्यात सगळे सुरू करण्यापुरतं पेट्रोल वापरतात. टाकीत तेच तेच जुनं पेट्रोल डुचमळत असतं. निघायच्या आधी महिनाभर नुसत्या पेट्रोलवर चालवा. काही कुरकुर असेल तर ती घोडबंदरला कळू दे, तिकडे डोंगरात नाकोला नको.

डिकी सिलिंडरने खाल्लेली असणार. म्हणजे सामान मागच्या सीटवर. दोघींत मिळून दोन मऊ बॅगा, कडक सुटकेस नाही.

तलावपाळी | रविवार, दुपारी १२:०२

हायड्रो टेस्ट एकदा झालीय. बहुतेक. कागद शोधते.

खिडकीपाशी | रविवार, दुपारी १:३०

आम्ही दोघांनी गेल्या सप्टेंबरात हाच रस्ता केला, म्हणून थोडं. शिमल्यात शिरू नका, ढल्लीकडून बाहेरच्या बाहेर निघा. ठियोग ते नारकंडा सफरचंदांचे ट्रक. सीझनच तो. एकेका वळणावर अर्धा अर्धा तास, पण ट्रकवाले पेटीतली दोन-चार हातावर ठेवतात. नारकंडा २,७०० मीटरवर आहे, पहिला मुक्काम तिथेच करा.

मग रामपूर, करछम. करछमला उजवीकडे सांगला–चितकुलचा रस्ता फुटतो. एक दिवस चितकुलला द्या. तिथून कल्पा, समोर किन्नर कैलास. कल्प्याला पहाटे उठून गच्चीत बसलो होतो तर घरमालकीणबाईंनी न विचारता चिलगोजे आणून दिले. मुंबईत सोन्याच्या भावाने घेतो ते तिथे झाडाखाली पडलेले असतात.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. एक पाणी मातकट, एक हिरवट. पूल ओलांडला की वळणं नाकोपर्यंत नुसती वर वर जातात. मैत्रिणीला हँडल तिथे लागेल.

ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीचं कोठार वाटावं असा, आत भिंतभर चित्रं. फोटो काढू देत नाहीत, टॉर्च मात्र न्या. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघं आणि एक लामा, तो कोपऱ्यात बसून लोणी वितळवत होता.

नवी_मुंबईची_वारी | रविवार, दुपारी २:१५

चंद्रताल करायलाच हवं! तिथवर जाऊन चंद्रताल नाही म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन.

गाडीवान | रविवार, दुपारी २:४०

कळसाचंच दर्शन घेऊन या. कुंझुम ते बातल ते ग्रांफू हा रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे. मध्ये नाले गाडीवरून नव्हे, गाडीतून वाहतात. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, वरचा बर्फ वितळला की दुपारनंतर गुडघ्याएवढं. सिलिंडरच्या वजनाने तुमच्या गाडीची मागची बाजू आधीच बसलेली. त्यातून ऑक्टोबर जवळ आला की कुंझुमला कधीही बर्फ पडतो आणि खिंड बंद. ज्या रस्त्याने गेलात त्यानेच परत या. किन्नौरचा रस्ता येताना उलट्या दिशेने वेगळाच दिसतो, ते फुकट मिळतं.

डॉक्टरीणबाई | रविवार, रात्री ९:५०

दिवसभर दवाखान्यात होते, धागा आत्ता वाचला.

चंदीगड ३५० मीटरच्या आसपास, काझा ३,७०० च्या आसपास. तुम्ही हे दोन दिवसांत करणार होतात. ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा साधा नियम. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला खाली. म्हणून मनालीकडून एकदम वर जाण्यापेक्षा किन्नौरची वाट बरी: नारकंडा २,७००, कल्पा २,९५०, नाको ३,६५०, मग ताबोला पुन्हा ३,३०० च्या खाली झोपता आणि नंतर काझा. नाकोची उडी जरा मोठी आहे, म्हणून कल्प्याला दोन रात्री काढा.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पुष्कळांना होतं. त्या रात्री वर जायचं नाही, बास. पण सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल, किंवा नुसतं बसलं तरी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. खाली. गोळ्या घेऊन थांबू, असं नाही.

ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का, हे आपापल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा. दोघींपैकी कोणाला बीपी आहे? रोजची गोळी "प्रवासात नको" म्हणून बंद करू नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर नको.

तलावपाळी | रविवार, रात्री १०:१५

बीपी तिला आहे. ती गोळी विसरते.

नेरूळवाली | सोमवार, सकाळी ६:५८

मी विसरत नाही. मी संध्याकाळी घेते.

नमस्कार मंडळी, मीच ती हँडल धरणारी. भाच्याने लिंक पाठवली, "मावशी, हा तुझाच धागा आहे ना?" म्हणून. इथे माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचून आज मुद्दाम सदस्यत्व घेतलं.

थोड्या दुरुस्त्या. १) आंबोली झालंय ते नवऱ्याच्या शेजारी बसून. खंबाटकी झालंय, पण तो एकमार्गी आहे. २) गाडी मलाही येते. ठाणे–बेलापूर रस्त्यावर सकाळी नऊ वाजता रोज जाऊन दाखवा, मग हँडलचं बोला. ३) १४ दिवसांचा बेत मला कोणी विचारलाच नव्हता, मला एक्सेलची फाइल आली. मी "छान" असं उत्तर दिलं, कारण तीस वर्षांत पहिल्यांदा तिने फाइल केली होती.

मला जायचंय. चितकुलला नदीकाठी नुसतं बसायचंय आणि हिक्कीमच्या पोस्टातून मुलाला पत्र टाकायचंय. ४,४०० मीटरवरचं पोस्ट ऑफिस आहे म्हणतात. त्याला आईचं पत्र कधी आलेलंच नाही, फोनच येतात.

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ७:१०

आता धागा रंगला.

तलावपाळी | सोमवार, सकाळी ७:३०

एक्सेल तुला आवडली नव्हती हे मला आज कळतंय?

गाडीवान | सोमवार, सकाळी ११:२०

तुमच्या वरच्या दोन प्रतिसादांवरून एक लिहावंसं वाटलं. लांबेल.

२०१६. मी आणि माझा मित्र, दोन बाइक, ठाण्याहून लेहला. कॉलेजपासूनची जोडी. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग चढून जावं लागायचं. मनालीहून पहाटे निघालो, मुक्काम जिस्पाला ठरला होता. पोचलो तर दुपारचे दोन. लख्ख ऊन, नदीकाठ, तंबूवाला चहा घेऊन उभा. मित्राने हेल्मेट काढलं, दोन्ही हातांनी कानशिलं दाबली आणि म्हणाला, "इथे थांबू या का?"

मी म्हटलं, "चल रे, अजून उजेड आहे. सरचू दोन-तीन तासांचं तर आहे."

तो चलला. मनाली २,०५० मीटर, सरचू ४,२९०. एका दिवसात. संध्याकाळी जेवला नाही, मी म्हटलं थकलाय. रात्री एकच्या सुमाराला कसल्यातरी आवाजाने जाग आली. तो तंबूच्या दाराशी बसला होता आणि बुटात पाय घालायचा प्रयत्न करत होता. डावा पाय उजव्या बुटात. काढायचा, परत तोच पाय त्याच बुटात. मी नाव घेऊन हाक मारली तर बघितलं, पण माझ्याकडे नाही.

आता सरचूची गंमत ऐका. लोक सांगतात खाली उतरा, पण सरचू हे परातीच्या तळासारखं आहे. पुढे जायचं तर ५,००० मीटरच्या वरची लाचुंग ला, मागे जायचं तर ४,८९० ची बारालाचा. खाली जायला आधी वर चढावं लागतं. कॅम्पवाल्याने बोलेरो काढली, ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता तो लावला, आणि त्या रात्री बारालाचा ओलांडून केलाँगला आणलं. त्या माणसाने पैसे मोजूनही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मित्र उठून बसला आणि डाळभात मागितला. म्हणजे वाचला, ठणठणीत आहे.

आम्ही मात्र आता लग्नात भेटलो तर बोलतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. मीच टाळतो त्याला. तो जिस्पाला "थांबू या" म्हणाला नव्हता, "थांबू या का" म्हणाला होता. मी तो "का" धरला आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं. आपल्याकडे माणूस, त्यातून जवळचा, सरळ नाही म्हणतच नाही. तो विचारतो. समोरच्याचा हिरमोड नको म्हणून.

तेव्हा टायर, पेट्रोल, गोळ्या सगळं ठीक. त्याआधी दोघींनी एक शब्द ठरवा. तो शब्द उच्चारला की गाडी थांबणार किंवा मागे वळणार. का, कशाला, अजून पाच किमीच तर आहे, काही नाही. भांडण खाली आल्यावर.

खिडकीपाशी | सोमवार, दुपारी १२:०५

…

काही लिहायला सुचत नाही. धन्यवाद.

नेरूळवाली | सोमवार, रात्री ८:४०

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तिला फोन केला. शब्द ठरला: डोंबिवली. स्पितीत हा शब्द चुकून तोंडात येण्याची शक्यता शून्य.

बोलघेवडा | सोमवार, रात्री ८:५२

समस्त डोंबिवलीकरांतर्फे निषेध. आमचं गाव मागे वळण्याचं नाही, उतरण्याचं आहे. (लोकलमध्ये चढायला मिळतच नाही.)

सह्यकडा | मंगळवार, सकाळी १०:००

आता थोडी सटरफटर.

टोल: १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. तुमच्या जाण्यायेण्यातच बरेचसे वसूल. फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. आताचा दर बघून घ्या.

परवाना: भारतीयांना किन्नौर–स्पितीसाठी इनरलाइन परमिट लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

घाट: चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून नाही, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेकचा वास आला की थांबा.

वेळ: जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरला जाऊ नका असं जे म्हणतात त्याला कारण आहे. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीला डोंगरावरून दगड आले ते पर्यटकांच्या गाडीवर, पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरड बसवर. स्पितीत पाऊस नसतो, पण स्पितीला पोचवणारा रस्ता पावसातून जातो. तुमचा गणपतीनंतरचा मुहूर्त चांगला आहे. तरी एक दिवस पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई नको.

आणि एक रंगीत तालीम करा. दोन दिवसांची. माळशेज–जुन्नर. सगळं सामान भरून, जणू निघालोच.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी १०:४५

तालीम मान्य. या शनिवारी. नवा बेत २० दिवसांचा, तिनेच लिहिलाय, वहीत. चंद्रताल खोडलंय. दोन ठिकाणी नुसतं "बसणे" असं लिहिलंय.

हायड्रो टेस्टचा कागद सापडला. मुदत मेमध्येच संपलीय.

गाडीवान | मंगळवार, सकाळी १०:५०

🙏

तलावपाळी | रविवार, संध्याकाळी ६:३०

तालमीचा वृत्तांत.

शनिवारी पाचला निघालो. कल्याण, मुरबाड, सगळं झकास. पाऊस रिमझिम, भाताची खाचरं हिरवीगार, ही गाणी म्हणत होती. टोकावड्याच्या पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं.

आता मी २५ वर्षं गाडी चालवतेय आणि २५ वर्षांत चाक बदललेलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. नेहमी कोणीतरी बदलून देतं. म्हटलं, बदलू, त्यासाठीच तर आलोय. मॅन्युअल काढलं. जॅक लावला तर ओल्या मातीत तो खाली आणि गाडी जागेवर. हिने पुढच्या सीटखालून पोळपाट काढला. हो, पोळपाट. "प्रवासात लागतो" म्हणून घेतला होता, मी त्यावरून सकाळीच टोमणा मारला होता. जॅकखाली पोळपाट, गाडी वर.

मग आठवलं की नट आधी सैल करायचे असतात. गाडी परत खाली. नट हलेनात. टायरवाला हवेच्या गनने आवळतो ते माणसाच्या हाताने सुटत नाहीत. पाना लावला, हाताने जोर केला, काही नाही. शेवटी मी पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले, गाडीच्या टपाला धरून, आणि हळूच उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला कर्र असा आवाज आला. एका एस्टीतली सगळी माणसं खिडकीतून बघत होती, कंडक्टरने हात केला.

चारही नट सुटले. चाक निघालं. स्टेपनी लावली, गाडी खाली घेतली आणि स्टेपनीपण बसली. हवाच नव्हती. पुढच्या टपरीवाल्याकडे पायपंप होता, त्याने मोजली तर १४.

सव्वा तास गेला. तरी आम्ही दोघी इतक्या खूश होतो की फोटो काढले, काळ्या हातांचे.

मग घाट. धुकं असेल माहीत होतं, पण असं नव्हतं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. समोरून ट्रकचे दिवे एकदम हातभर अंतरावर उगवायचे. मागे एकजण हॉर्नवर हात ठेवून. ही हँडल धरून गप्प. मला वाटलं, आता म्हणेल. म्हणूच दे, म्हणजे मला वळता येईल आणि नाव तिचं येईल. एक वळण गेलं, दुसरं गेलं. ती काही म्हणेना. माझे हात स्टिअरिंगवर इतके आवळलेले की बोटं पांढरी पडलेली.

तिसऱ्या वळणानंतर जरा रुंद जागा होती, तिथे मीच म्हटलं, "डोंबिवली."

नेरूळवाली | रविवार, संध्याकाळी ६:५५

मी "बरं" म्हटलं. खाली उतरून उलटं वळताना मागून येणाऱ्यांना थांबवलं, छत्री उघडून. टोकावड्याला परत येऊन भडंग आणि चहा. अर्धा तास ही काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू का नाही म्हणालीस?" मी म्हटलं, "तू चालवत होतीस. तुला दिसत असेल असं वाटलं."

आता नवीन नियम वहीत लिहिलाय: जिच्या हातात स्टिअरिंग आहे तिने दर अर्ध्या तासाने खरं खरं सांगायचं, कसं वाटतंय ते. आणि घाटात मीपण चालवणार, नारकंड्यापासून. त्याआधी महिनाभर दर रविवारी ठाण्यातच येऊरच्या चढावर सराव.

जुन्नर राहिलं.

गाडीवान | रविवार, संध्याकाळी ७:२०

जुन्नर कुठे पळत नाही. उत्तम तालीम. नट सुटत नसतील तर पान्यावर बसेल असा फूटभर लोखंडी पाइप घेऊन ठेवा, उड्या माराव्या लागणार नाहीत. जॅकखाली फळी ठेवा. पोळपाट पोळ्यांना लागेल.

डॉक्टरीणबाई | रविवार, रात्री १०:३०

आणि ती गोळी रोज एकाच वेळी, कोणत्या ते दोघींना माहीत असू दे.

तलावपाळी | सात आठवड्यांनंतर, बुधवार, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. उद्या पहाटे चारला निघतोय. हायड्रो टेस्ट झाली, पाच आठवडे पेट्रोलवर चालवली, लिटरला १६ पडतात. कॉमन पाकीट केलंय, दोघींनी सारखे पैसे टाकलेत, पेट्रोल-राहणं-जेवण त्यातून. खरेदी आपापली. सासूबाईंनी खोबऱ्याच्या वड्या दिल्यात, "पितरांचं नाव घेऊन खा" म्हणाल्या.

गायमुखला जाम नसला तर सहाच्या आत चारोटीला चहा.

गाडीवान | बुधवार, रात्री ९:१८

स्टेपनीत हवा?

तलावपाळी | बुधवार, रात्री ९:१९

३५. मी स्वतः मोजली.

ऐरोलीकर | बुधवार, रात्री ९:४०

घोडबंदर आत्ता मोकळा आहे, वर्सोवा पुलापर्यंत. पहाटेचं सांगता येत नाही, अवजड गाड्या रात्रीच सोडतात. साडेतीनला निघा.

नेरूळवाली | बुधवार, रात्री ११:५५

मी आज हिच्याकडेच मुक्कामाला आहे. ही कधीच झोपली. घोरतेय. वीस दिवस एका खोलीत काढायचेत आणि इतक्या मोठ्या धाग्यात हे कोणीच विचारलं नाही. रात्रीचे बारा वाजलेत, कानात घालायचे बोळे ठाण्यात आत्ता कुठे मिळतील?